गावात रस्ता आणि एसटी यायला किती माणसं लागतात? समजून घ्या लोकसंख्येचा हिशेब

१ जानेवारी २०२५. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात एक साधी लाल एसटी बस धावली आणि तिची बातमी राज्यभर झाली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचं उद्घाटन केलं आणि स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी या भागात पहिल्यांदा एसटी पोहोचली.

त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये धानोरा तालुक्यातल्या काटेझरीला पहिली बस गेली. जुलै २०२५ मध्ये भामरागड तालुक्यातल्या मरकणारहून अहेरीला जाणारी बस सुरू झाली. मरकणार आणि आसपासची गावं मिळून या बसचा फायदा होणार होता सुमारे १,२०० लोकांना.

हा १,२०० चा आकडा लक्षात ठेवा. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत एवढी माणसं राहतात. इथे मात्र तेवढी माणसं जंगलात विखुरलेल्या अनेक गावांत मिळून राहतात.

गडचिरोलीत बस उशिरा पोहोचण्यामागे माओवादी हिंसाचार, घनदाट जंगल आणि नद्या ही मोठी कारणं होतीच. पण देशातल्या हजारो लहान गावांना अडवणारं आणखी एक कारण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ते म्हणजे गावाची लोकसंख्या. गावात डांबरी रस्ता कधी येणार, एसटी किती वाजता येणार, येणार की नाही, हे बऱ्याचदा सरकारी कागदावरच्या एका आकड्यावर ठरतं.

हा आकडा कुठून येतो, त्यावरून रस्ता कसा ठरतो आणि रस्ता आल्यावरही बस का येत नाही, हे समजून घेऊया.

आधी एक प्रश्न: गाव म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण 'गाव' हा शब्द सहज वापरतो. सरकारी कागदांवर मात्र त्याचे किमान तीन अर्थ आहेत.

पहिला अर्थ महसूल गाव. ज्याची हद्द ठरलेली आहे, ज्याचे सातबारे तलाठ्याकडे आहेत, ते महसूल गाव. जनगणनेत ग्रामीण भागाची आकडेवारी याच गावानुसार येते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६ लाख ४० हजारांहून जास्त महसूल गावं आहेत. त्यातल्या काही गावांत एकही माणूस राहत नाही. महसूल खात्याच्या भाषेत त्यांना 'बेचिराग' गाव म्हणतात. म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव.

दुसरा अर्थ ग्रामपंचायत. मोठ्या गावाची स्वतःची ग्रामपंचायत असते. लहान गावं मात्र दोन-चार मिळून एका गट ग्रामपंचायतीत येतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे सदस्य किती असावेत हेही लोकसंख्येवरच ठरतं. ६०० ते १,५०० लोकसंख्या असेल तर ७ सदस्य, ७,५०० च्या वर असेल तर १७. साहजिकच गट ग्रामपंचायतीत ज्या गावाची मतं जास्त, त्याचे सदस्य जास्त.

तिसरा अर्थ वस्ती. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात वाडी, पालघर-नंदुरबारकडे पाडा, मराठवाड्यात तांडा, गडचिरोली-गोंदियात टोला. माणसं प्रत्यक्षात इथे राहतात. एका महसूल गावात अशा पाच-सहा वस्त्या असू शकतात आणि त्यांच्यामध्ये ओढा, डोंगर किंवा तीन-चार किलोमीटरचं जंगलही असू शकतं.

घोळ इथूनच सुरू होतो. जनगणना मोजते महसूल गाव, मतदान होतं ग्रामपंचायतीसाठी आणि रस्ता हवा असतो वस्तीला. कागदावर 'गाव रस्त्याने जोडलेलं आहे' असं दिसतं तेव्हा तो रस्ता मुख्य गावठाणापर्यंत आलेला असतो. तिथून पुढचा टोला पावसाळ्यात चार महिने तुटलेलाच असू शकतो.

गावाची लोकसंख्या मोजतात कशी?

आजही बहुतेक सरकारी योजनांसाठी २०११ ची जनगणना ग्राह्य धरली जाते, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. बर्फाळ भागांसाठी ती १ ऑक्टोबर २०२६ आहे.

म्हणजे २०११ मध्ये जन्मलेलं मूल दहावीच्या वर्गात पोहोचलं, तरी त्याच्या गावाची अधिकृत लोकसंख्या त्याच्या जन्माच्या वर्षीचीच आहे.

मोजणीच्या पद्धतीतही एक बारकावा आहे. २०११ मध्ये प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. माणूस जिथे नेहमी राहतो, तिथे त्याची नोंद होते. पण तो या पूर्ण काळात घराबाहेर असेल, तर जिथे असेल तिथे त्याला मोजलं जातं.

आता फेब्रुवारी महिन्यात ग्रामीण महाराष्ट्र कुठे असतो ते बघा. बीडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात. गडचिरोली आणि चंद्रपूरमधली अनेक कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. एखाद्या २८० माणसांच्या गावातून अशी दहा-बारा कुटुंबं बाहेर असतील, तर कागदावर गावाची लोकसंख्या २५० च्या खाली येऊ शकते.

एवढ्याने काय फरक पडतो? रस्त्याच्या बाबतीत खूपच पडतो.

५००, २५० आणि १००: रस्ता ठरवणारे तीन आकडे

२५ डिसेंबर २००० रोजी, अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना, प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. त्यावेळच्या सरकारी अंदाजानुसार देशात गावं आणि वस्त्या मिळून सुमारे ८ लाख २५ हजार होत्या. त्यातल्या सुमारे ३ लाख ३० हजार ठिकाणी बारमाही रस्ता नव्हता. म्हणजे दर पाचपैकी दोन वस्त्या पावसाळ्यात रस्त्याविना.

सगळ्यांना एकदम रस्ता देणं शक्य नव्हतं. मग आधी कुणाला, हे लोकसंख्येवर ठरलं. सपाट प्रदेशात ५०० किंवा त्याहून जास्त लोकसंख्येची वस्ती पात्र. डोंगराळ राज्यं, वाळवंटी भाग आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतली आदिवासी क्षेत्रं यांच्यासाठी ही मर्यादा २५०. पुढे माओवादग्रस्त भागात ती १०० पर्यंत खाली आणली गेली. सुरुवातीला १,००० च्या वरच्या वस्त्यांना प्राधान्य होतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेच्या चौथ्या टप्प्याला मंजुरी दिली. ७०,१२५ कोटी रुपये खर्चून २०२४-२५ ते २०२८-२९ या काळात ६२,५०० किलोमीटर रस्ते बांधायचे आणि त्यातून २५,००० वस्त्या जोडायच्या, असं हे उद्दिष्ट आहे. इथेही निकष तेच आहेत: ५००, २५० आणि १००. एक फरक असा की आधी २००१ ची लोकसंख्या धरली होती, आता २०११ ची धरली आहे.

महाराष्ट्रात पाचव्या अनुसूचीतली क्षेत्रं १३ जिल्ह्यांमध्ये पसरलेली आहेत. त्यामुळे पालघर, नंदुरबार, गडचिरोलीतल्या आदिवासी गावांना २५० ची मर्यादा लागू होते. पण अनुसूचित क्षेत्राबाहेरचं गाव असेल, तर त्याला सर्वसाधारणपणे ५०० ची अट येते. कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या ३०० माणसांच्या वाडीची अडचण हीच आहे. भूगोल डोंगराचा, पण निकष मैदानाचा.

या नियमांत एक सवलतही आहे. एकमेकांपासून ५०० मीटरच्या आत असलेल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र मोजता येते. डोंगराळ भागात हे अंतर पायवाटेने दीड किलोमीटर धरतात. म्हणजे १८०, १५० आणि १९० लोकसंख्येच्या तीन वाड्या जवळजवळ असतील, तर त्या मिळून ५२० होतात आणि पात्र ठरतात.

याची दुसरी बाजूही आहे. वस्ती रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत असेल, तर ती 'जोडलेली'च समजली जाते. मग तो अर्धा किलोमीटर चिखलातून जात असला तरी.

हा हिशेब किती जुना?

लोकसंख्येवरून रस्ता मोजण्याची पद्धत आजची नाही आणि तिची सुरुवात महाराष्ट्रातल्याच एका शहरात झाली आहे.

१९४३ मध्ये नागपुरात देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. भारतातल्या रस्त्यांचा पहिला वीस वर्षांचा आराखडा तिथे तयार झाला. 'नागपूर आराखडा' म्हणून तो ओळखला जातो. त्यात ग्रामीण रस्त्यांची लांबी काढण्यासाठी एक सूत्र होतं. ५०० पेक्षा कमी लोकसंख्येच्या प्रत्येक गावामागे एक पंचमांश मैल म्हणजे ०.३२ किलोमीटर रस्ता धरायचा. ५०१ ते १,००० लोकसंख्येच्या गावामागे अर्धा मैल, १,००१ ते २,००० साठी एक मैल आणि २,००१ ते ५,००० साठी दोन मैल.

म्हणजे सगळ्यात लहान गावाच्या वाट्याला जेवढा रस्ता, त्याच्या दहापट रस्ता २,००० च्या वरच्या गावाच्या वाट्याला.

यात अन्याय करायचा हेतू नव्हता. पैसा कमी असेल तर तो जास्तीत जास्त लोकांच्या उपयोगी पडावा, हा विचार होता. पण त्यामुळे लहान गाव कायमच रांगेच्या शेवटी राहिलं. ५०० चा तो आकडा ऐंशी वर्षांनंतरही योजनांमध्ये दिसतो.

'बारमाही रस्ता' म्हणजे डांबरी रस्ता का?

नाही. बारमाही रस्ता म्हणजे वर्षाच्या सगळ्या ऋतूंत वाहन जाऊ शकेल असा रस्ता. त्यासाठी पाण्याचा निचरा आणि ओढ्यानाल्यांवर मोऱ्या किंवा पूल असणं महत्त्वाचं. डांबर असलंच पाहिजे असं नाही.

उलट डांबरी रस्ता असूनही गाव तुटू शकतं. भामरागड हे तालुक्याचं ठिकाण आहे, तिथपर्यंत रस्ता आहे. तरीही पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडचा जिल्ह्याशी संपर्क तुटतो. तालुक्याची ही स्थिती, तर त्याच्या पलीकडच्या खेड्यांचं काय होत असेल याची कल्पना करता येईल.

रस्ता कुणाचा, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. लहान गावाला जाणारा रस्ता बहुतेक वेळा 'ग्रामीण मार्ग' असतो, म्हणजे या उतरंडीत सगळ्यात खाली. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतल्या रस्त्याची देखभाल पहिली पाच वर्षं कंत्राटदाराने करायची असते. खरी परीक्षा सहाव्या वर्षी सुरू होते.

जंगलातल्या गावांसमोर आणखी एक टप्पा असतो, वनजमिनीच्या परवानगीचा. वनहक्क कायदा २००६ मध्ये यासाठी तरतूद आहे. रस्ता, शाळा, दवाखाना अशा १३ सुविधांसाठी प्रत्येक प्रकरणात एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. दोन-तृतीयांश भाग जंगलाखाली असलेल्या गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हे कलम गावकऱ्यांना माहीत असणं फार गरजेचं आहे.

५०० पेक्षा लहान गावांसाठी काहीच नाही का?

आहे. राज्य सरकारची मुख्यमंत्री ग्राम सडक योजना २०१५ पासून सुरू आहे. केंद्राच्या योजनेत न बसणारे ग्रामीण रस्ते त्यातून सुधारले जातात. आदिवासी पाडे जोडण्यासाठी राज्याची भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना आहे.

केंद्राची पीएम-जनमन योजना विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी आहे. त्यात १०० किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या वस्त्या रस्त्याने जोडण्याची तरतूद आहे आणि देशभरात ८,००० किलोमीटर रस्त्यांचं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन समूह यात येतात. गर्देवाडा आणि मरकणारच्या परिसरातही माडिया समाज मोठ्या संख्येने राहतो.

म्हणजे दरवाजे आहेत, पण प्रत्येकाचं माप वेगळं आहे. आपलं गाव कोणत्या मापात बसतं हे गावाला माहीत नसेल, तर सगळे दरवाजे बंदच वाटतात.

रस्ता आला, तरी एसटी का येत नाही?

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. 'गाव तिथे एसटी' हे एसटीचं ब्रीद बनलं. 'हात दाखवा, गाडी थांबवा' सारख्या योजनेमुळे थांबा नसलेल्या फाट्यावरही गाडी थांबू लागली. पण बस चालवायची तर डिझेल, चालक, वाहक आणि गाडीचा खर्च निघावा लागतो. आकड्यांचा खेळ इथे पुन्हा सुरू होतो.

समजा, एका गावात ३०० माणसं आहेत. म्हणजे साधारण ६० ते ६५ घरं. दररोज दर दहांमागे एक माणूस बाहेर जातो असं धरलं, तर झाले ३० प्रवासी. त्यातले निम्मे दुचाकीवर गेले, तर उरले १५. एसटीच्या साध्या बसमध्ये ४० ते ४४ आसनं असतात. म्हणजे एकदा बस आली तरी ती अर्धीही भरत नाही आणि दुसऱ्या फेरीला प्रवासीच उरत नाहीत.

आता अशीच पाच गावं एका रस्त्यावर ओळीने असतील, तर त्याच हिशेबाने ७५ प्रवासी होतात आणि दोन फेऱ्या सहज निघतात. म्हणून लोकसंख्येइतकंच महत्त्व गाव कुठे आहे याला असतं. दोन मोठ्या गावांच्या मधल्या खेड्याला बस आपोआप मिळते. रस्ता जिथे संपतो, त्या टोकाच्या गावाला मात्र ती मागून घ्यावी लागते. एसटीच्या भाषेत त्या गावासाठी गाडी 'आत' घालावी लागते.

टोकाच्या गावांसाठी एसटीने एक जुना उपाय काढला होता, तो म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी आलेली बस रात्री गावातच थांबते आणि पहाटे शाळा-कॉलेजच्या मुलांना, बाजारकऱ्यांना घेऊन निघते. अनेक गावांचं घड्याळच या गाडीवर चालायचं. पण त्यासाठी चालक-वाहकाला झोपायला जागा आणि शौचालय लागतं. ती सोय नसेल तर मुक्कामी गाडी टिकत नाही.

कोरोनाचा काळ आणि त्यापाठोपाठ २०२१-२२ मध्ये अनेक महिने चाललेला कर्मचाऱ्यांचा संप यांत ग्रामीण फेऱ्या बंद पडल्या. त्या काळात गावाने दुसरी सोय शोधली. एकदा ज्याने हप्त्यावर दुचाकी घेतली, तो बसच्या थांब्यावर परत येतोच असं नाही. प्रवासी कमी म्हणून फेरी बंद आणि फेरी नाही म्हणून प्रवासी कमी, असं हे चक्र आहे.

मग लोक प्रवास कसा करतात?

वडाप, काळी-पिवळी, टमटम. नावं वेगळी, सोय तीच. गाडी भरली की निघायचं.

मोटार वाहन कायद्यानुसार टप्प्याटप्प्याने प्रवासी घेत-उतरवत जाण्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि महाराष्ट्रात अशी टप्पा वाहतूक मुख्यतः एसटीकडे आहे. त्यामुळे खेड्यापाड्यांतली बरीचशी जीप वाहतूक कायद्याच्या नजरेत अवैध ठरते. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. पण ही वाहतूक एका दिवसात बंद केली, तर हजारो गावांचा आठवडी बाजार बंद पडेल, हेही तितकंच खरं.

एसटी आणि जीप यांत आणखी एक मोठा फरक आहे. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या ग्रामीण विद्यार्थिनींना मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसेस मागास तालुक्यांतल्या मुलींसाठीच धावतात.

यातली एकही सवलत जीपमध्ये मिळत नाही. म्हणजे ज्या गावात एसटी जात नाही, त्या गावातली बाई, म्हातारी माणसं आणि शाळकरी मुली या सरकारी योजनांच्या बाहेर राहतात. तिथे त्यांना पूर्ण भाडं द्यावं लागतं किंवा पायी जावं लागतं.

बस नसल्याची किंमत कोण मोजतं?

शाळेचं बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. आठवीनंतर असं अंतराचं बंधन नाही. लहान गावातल्या मुलीसाठी नववीचा प्रश्न म्हणूनच अनेकदा बसचा प्रश्न असतो. सकाळची गाडी शाळेच्या वेळेत नसेल किंवा परतीची गाडी अंधार पडल्यावर असेल, तर घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं.

दवाखान्याचंही तसंच. आरोग्य उपकेंद्राचा निकष सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी तो ३०,००० आणि २०,००० आहे. गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला सरासरी ७४ माणसं राहतात. राज्याची सरासरी ३६५ आहे. एवढ्या विरळ वस्तीत ३,००० माणसं जमवायची, तर किती तरी गावं एका उपकेंद्रात घालावी लागतात. लोकसंख्येचा निकष पूर्ण होतो, पण अंतर वाढतं.

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. फोन लागला तरी रुग्णवाहिका रस्ता असेल तिथपर्यंतच येते. त्यापुढे खाटेची कावड किंवा झोळी. म्हणूनच आदिवासी भागात 'माहेरघर' योजना आणावी लागली. बाळंतपणाची तारीख जवळ आली की गरोदर बाईने आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं. योजना उपयोगी आहे. पण दवाखान्याची गाडी बाईपर्यंत पोहोचू शकत नाही, म्हणून बाईला घर सोडून दवाखान्याजवळ राहावं लागतं, हे तिच्यामागचं वास्तव आहे.

रस्ता आला की गाव श्रीमंत होतं का?

सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद या अर्थशास्त्रज्ञांनी प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा अभ्यास केला. तो २०२० मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकसंख्येच्या मर्यादेचाच उपयोग करून घेतला. मर्यादेच्या थोडं वर असलेलं गाव आणि थोडं खाली असलेलं गाव बाकी सगळ्या बाबतींत सारखीच असतात. फरक एवढाच की वरच्याला रस्ता मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे रस्त्याने काय बदललं हे या दोन प्रकारच्या गावांची तुलना करून कळू शकतं.

त्यांचा निष्कर्ष असा की रस्ता आल्यावर सगळ्यात ठळक बदल कामात होतो. लोक शेतीतून बाहेर पडून इतर कामांकडे वळतात. पण रस्ता झाल्यावर चार वर्षांनीही शेतीचं उत्पन्न, घरातल्या वस्तू किंवा एकूण कमाई यांत मोठी वाढ दिसली नाही.

थोडक्यात, रस्ता माणसाला बाहेर नेतो. गावात समृद्धी आणायला बाजार, सिंचन, शिक्षण अशा बाकीच्या गोष्टीही लागतात. पण रुग्णवाहिका येण्यासाठी आणि मुलगी नववीत जाण्यासाठी रस्ता ही पहिली अट आहे, ती काही बदलत नाही.

तुमच्या गावाचा आकडा कसा वाचाल?

जनगणनेत प्रत्येक महसूल गावाला स्वतंत्र संकेतांक असतो. त्यावरून गावाची दोन प्रकारची माहिती मिळते.

पहिली, प्राथमिक जनगणना गोषवारा. यात घरांची संख्या, एकूण लोकसंख्या, ० ते ६ वयोगटातली मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणाऱ्यांची संख्या असते.

दुसरी, जिल्हा जनगणना पुस्तिकेतली ग्राम निर्देशिका. यात गावात सरकारी बस येते का, खासगी बस आहे का, रिक्षा आणि जीप आहे का, रेल्वे स्थानक आहे का, डांबरी, खडीचा की कच्चा रस्ता आहे, बारमाही रस्ता आहे का, हे लिहिलेलं असतं. सुविधा गावात नसेल, तर ती किती लांब आहे यासाठी तीन गट आहेत: ५ किलोमीटरपेक्षा कमी, ५ ते १० किलोमीटर आणि १० किलोमीटरपेक्षा जास्त.

ही माहिती वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, लहान गावात टक्केवारी फसवते. २०० माणसांच्या गावात चार कुटुंबं स्थलांतरित झाली की सगळी टक्केवारी हलते. तिथे थेट संख्या बघा.

दोन, 'बस सुविधा आहे' म्हणजे दिवसाला किती फेऱ्या, हे त्यात कळत नाही. एक फेरी असली तरी उत्तर 'आहे' असंच येतं.

तीन, ही नोंद महसूल गावाची आहे. त्यातल्या टोल्या-पाड्यांचं चित्र वेगळं असू शकतं.

गावकरी काय करू शकतात?

रस्त्यासाठी पहिली पायरी म्हणजे आपली वस्ती कोणत्या निकषात बसते ते तपासणं: ५००, २५० की १००. जवळच्या वस्त्या एकत्र मोजता येतील का, हे पाहणं. आणि त्यानुसार ग्रामसभेत ठराव करणं. ठरावात 'आमच्या गावाला रस्ता द्या' एवढंच लिहिण्यापेक्षा वस्तीचं नाव, घरं, माणसं, जवळच्या बारमाही रस्त्यापासूनचं अंतर आणि पावसाळ्यात कोणता ओढा किती दिवस अडवतो, हे लिहिलेलं जास्त उपयोगी पडतं. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला रस्ता खराब झाला असेल, तर 'मेरी सडक' ॲपवर फोटोसह तक्रार करता येते.

एसटीसाठी ठराव आगार व्यवस्थापकांकडे जातो. तिथेही आकडा बोलतो. किती विद्यार्थी पास काढतील, बाजाराचा वार कोणता, शाळा किती वाजता भरते, बस वळवायला जागा आहे का, मुक्कामाची सोय ग्रामपंचायत करेल का? एकट्या गावापेक्षा एकाच रस्त्यावरच्या चार-पाच गावांनी मिळून मागणी केली, तर फेरीचं गणित जुळण्याची शक्यता वाढते. मरकणारच्या बसचा हिशेबही एका गावाचा नव्हता. आसपासची गावं धरूनच तो १,२०० वर गेला होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवी जनगणना. १ मार्च २०२७ चा आकडा पुढची निदान दहा वर्षं गावाला चिकटणार आहे. प्रगणक गावात येईल तेव्हा वस्तीतलं शेवटचं घर सुटणार नाही आणि कामासाठी बाहेर गेलेल्या माणसाची नोंद जिथे तो असेल तिथे तरी होईल, याकडे गावाने लक्ष द्यायला हवं. २४७ आणि २५० यांत फक्त तीन माणसांचा फरक आहे, पण एका वस्तीचा पावसाळ्यातला रस्ता त्या तीन माणसांवर अडू शकतो.